एकच भाषांतर खरे कसे?

धानाची कापणी-मळणी उरकली की चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात ख्रिस्ती मंडळ्यांच्या संजीवन सभांचे मांडव पडू लागतात. चटया अंथरल्या जातात, चुलीवर मोठी पातेली चढतात, गाणी आणि उपदेश रात्री उशिरापर्यंत चालतात. अशा सभांत एक वाद हटकून डोके वर काढतो: खरे बायबल कोणते? जुन्या भाषांतराच्या कैवाऱ्यांचे म्हणणे थोडक्यात असे. देवाचे वचन एक, तेव्हा त्याचे भाषांतरही एकच असावे. नव्या भाषांतरांनी वचने गाळली आहेत. आणि नवख्या विश्वासणाऱ्यापुढे चार पुस्तके ठेवली तर तो गोंधळून जातो.

यातल्या शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे. सगळे मिळून वाचताना सर्वांच्या हाती एकच पाठ असणे सोयीचे, हे कुणीही मान्य करील. पण सोय वेगळी आणि सत्य वेगळे. सोयीलाच सिद्धान्ताचा मान दिला की गल्लत सुरू होते.

हा आग्रह आला कुठून? अमेरिकेतल्या स्वतंत्र बाप्टिस्ट मंडळ्यांपैकी एक गट 1611 चे किंग जेम्स भाषांतर अंतिम मानतो. 1952 साली रिव्हाइज्ड स्टँडर्ड हे नवे इंग्रजी भाषांतर निघाले. त्यात यशया 7:14 मध्ये ‘कुमारी’च्या जागी ‘तरुणी’ आली, म्हणून नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉकी माउंट गावी एका बाप्टिस्ट पाळकाने ते पानच जाहीरपणे जाळले. गंमत अशी, की खुद्द 1611 च्या भाषांतरकारांनी आपल्या प्रस्तावनेत नव्या आणि अनेक भाषांतरांची बाजू घेतली आहे. शिवाय आज ‘1611’ म्हणून जे हाती पडते, ते बहुतेक वेळा 1769 साली दुरुस्त केलेले असते. ज्याला अढळ म्हणायचे तेच दुरुस्त झालेले! आणि मराठी माणसाने 1611 पुढे दबून जाण्याचे कारण काय? त्यानंतर पाचच वर्षांनी, 1616 साली, थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात मराठी ओवीतले ख्रिस्तपुराण छापले होते.

आता बाप्टिस्टांच्या स्वतःच्या घरात डोकावू. मराठीत बायबल छापायला सुरुवात केली ती विल्यम कॅरी या बाप्टिस्टाने. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून 1805 साली त्याचे मराठी व्याकरण आणि मत्तयाचे शुभवर्तमान निघाले, 1811 साली नवा करार. त्याच्या मदतीला पंडित वैजनाथशास्त्री होते. ती मराठी पुढे मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांच्या पसंतीस उतरली नाही. त्यांनी 1826 साली आपला नवा करार छापला. पंडिता रमाबाईंना पुढची भाषांतरेही संस्कृतप्रचुर वाटली. साध्या बायकांना कळेल अशा मराठीसाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये कामाला लागल्या. 1922 मध्ये त्या गेल्या, त्यांचे संपूर्ण बायबल 1924 साली प्रसिद्ध झाले. यांतला कुणीही आधीच्या भाषांतराला हात लावायला कचरला नाही.

त्याहून बोलका आहे 1830 च्या दशकातला कोलकात्याचा तंटा. येट्स आणि पीअर्स या बाप्टिस्टांनी बंगाली नव्या करारात बाप्तिस्म्याच्या ग्रीक शब्दासाठी ‘बुडवणे’ या अर्थाचा शब्द घातला. ब्रिटिश बायबल सोसायटीने पैसा नाकारला, 1836 साली अमेरिकन सोसायटीनेही तेच केले. बाप्टिस्ट मागे हटले नाहीत. 1840 साली त्यांनी लंडनमध्ये स्वतंत्र भाषांतर संस्था उभी केली. ग्रीक शब्द तसाच ठेवू नका, लोकांना कळेल असा शब्द द्या, एवढ्यासाठी त्यांनी घर वेगळे केले. त्यांच्याच वारसांनी आज भाषांतराला कुलूप ठोकावे, हे परंपरेचे रक्षण म्हणायचे की विस्मरण?

राहिला गाळलेल्या वचनांचा आरोप. नेहमीचे उदाहरण प्रेषितांची कृत्ये 8:37. बाप्तिस्म्याआधी विश्वास कबूल करण्याचे हे वचन बाप्टिस्टांना साहजिकच प्रिय आहे. पण सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते नाही. इरास्मसला ते एका हस्तलिखिताच्या समासात सापडले आणि त्याने 1516 च्या छापील पाठात घेतले. ते तळटिपेत देणे हा प्रामाणिकपणा आहे, कापाकापी नव्हे. शिवाय हा अध्याय आहे कशाबद्दल? रथात बसून यशया वाचणाऱ्या कूशी अधिकाऱ्याला फिलिप्प पहिलाच प्रश्न करतो, की वाचतोस ते तुला समजते का? त्या अध्यायातल्या एका वचनासाठी भांडायचे आणि हा प्रश्न विसरायचा, हे कसले शास्त्रप्रेम?

तोच प्रश्न आपल्या मांडवात विचारून पाहा. पाळक मराठी वचन वाचतो, शेजारी उभा दुभाषा ते जमेल तसे माडिया गोंडीत सांगतो. उपदेश कोणत्या मराठी प्रतीतून झाला, याने मागच्या चटईवरच्या म्हातारीला काय फरक पडतो? तिच्यापुरते खरे भाषांतर त्या दुभाष्याच्या तोंडून निघते, आणि ते ना छापले जाते ना कुणी तपासून पाहते. 1973 साली हेमलकशाला आलेल्या प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांना रोग्याशी बोलण्यासाठी माडिया शिकावी लागली. औषधाला जी भाषा लागते, ती उपदेशाला लागत नाही असे कोण म्हणेल?

यावर उत्तर येते की गोंडी ही बोली, तिला प्रमाणरूप नाही. पण 2011 च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे 29.84 लाख होते. विल्यमसन या मिशनऱ्याचे गोंडी व्याकरण 1890 सालीच लंडनला छापले गेले. मात्र मंडल्याकडची गोंडी भामरागडच्या माडियाला जशीच्या तशी चालत नाही, आणि सिरोंच्यात तर तेलुगूचा वावर. म्हणजे या एका वनप्रदेशातही एका भाषांतराने भागत नाही. ‘एकच’चा हट्ट इथे पहिल्याच पायरीवर अडखळतो.

तेव्हा आमची बाजू स्पष्ट आहे. मराठी भाषांतरे शेजारी-शेजारी ठेवा. मतभेदाची जागा तळटिपेत दाखवा. गोंडी-माडियाचे काम गावातल्या माणसांच्या, विशेषतः बायकांच्या हाती द्या. देवासाठी गोंडीतला ‘पेन’ हा शब्द घ्यायचा की दुसरा काही, हे नागपुरात बसून ठरवू नका. ऐकणाऱ्याला वचन आपल्या शब्दांत परत सांगता आले, तर भाषांतर उतरले असे समजा. पुढच्या सभेची पत्रिका छापाल तेव्हा पहिले वाचन गावच्या भाषेत ठेवा, आणि मराठी प्रतींचा वाद त्यानंतर खुशाल घाला.