कार्ब्युरेटर शेवटी उघडा

मान्सूनपूर्व तयारीच्या बैठका सुरू झाल्या की तहसिलांच्या गोदामांतून बचावाच्या बोटी बाहेर निघतात आणि त्यांची ओबीएम (आउटबोर्ड मोटर) इंजिने गोंदिया, फुलचूर, तिरोडा, आमगाव इथल्या लहान इंजिनांच्या कारागिरांसमोर येऊन पडतात. तक्रार बहुधा एकच असते. दोरी ओढून ओढून हात दुखले, इंजिन काही चालू होत नाही. आपल्या धंद्यात तिचे उत्तरही ठरलेले आहे: कार्ब्युरेटर खोला, धुवा, बसवा. या अंकात आम्हाला या सवयीविरुद्ध बोलायचे आहे. जुन्या टू-स्ट्रोक ओबीएमचा कार्ब्युरेटर हा सगळ्यात शेवटी उघडायचा भाग आहे, असे आमचे म्हणणे आहे. आणि उघडल्यावर त्यातच दोष सापडला, तरी तो बहुतेक वेळा टंकीतून आलेला असतो. टंकीकडे न पाहता केलेली धुलाई फार दिवस टिकत नाही.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात इतका गंभीरपणे का घ्यायचा, ते ऑगस्ट २०२० च्या अखेरीस दिसले. मध्य प्रदेशातला मुसळधार पाऊस आणि संजय सरोवरातून सोडलेले पाणी वैनगंगेत एकत्र आले, आणि गोंदियापासून भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरपर्यंत काठची गावे पाण्यात गेली. अशा वेळी बोटीचे इंजिन चालू व्हायला अर्धा तास लागला, तर तो अर्धा तास छपरावर बसलेल्या माणसांच्या वाट्याचा असतो. आपल्या तलावांवर धीवर बांधवांचे डोंगे वल्ह्या-बांबूवर चालतात, त्यांना या यंत्राची गरज नाही. इथले ओबीएम वर्षातले आठ-दहा महिने कोपऱ्यात उभे असते आणि मग एका रात्री त्याने पहिल्याच ओढीला चालू व्हावे अशी अपेक्षा असते. त्याच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ या पडून राहण्यात आहे.

पाना हातात घेण्याआधी काय पाहायचे? किल-स्विचची क्लिप जागेवर आहे का, गिअर न्यूट्रलमध्ये आहे का, टंकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का. या गोष्टी इतक्या साध्या आहेत की अनुभवी हात त्या विचारायलाही संकोचतो. पण हवेचा स्क्रू बंद राहिला की इंजिन थोडा वेळ नीट चालते, मग टंकीत पोकळी होते, पंपाला पेट्रोल ओढता येत नाही आणि इंजिन बंद पडते. लोक त्याला ‘कार्ब्युरेटरमध्ये कचरा आला’ म्हणतात. पेट्रोलच्या नळीतला प्रायमरचा रबरी फुगा याहून बरेच सांगतो. बाण इंजिनाच्या दिशेने आणि इंजिनाकडचे टोक वर धरून तो दाबत राहा. फ्लोटची वाटी भरली की तो हाताला घट्ट लागला पाहिजे. घट्ट होतच नसेल, तर फुग्यातला व्हॉल्व्ह गेला आहे, नळी कुठेतरी हवा घेते आहे किंवा वाटी ओसंडते आहे. दाबताना कार्ब्युरेटरच्या तोंडातून पेट्रोल टपकू लागले, तर फ्लोटची निडल बसत नाही. चालत्या इंजिनाचा फुगा आपोआप चपटा होत असेल, तर अडथळा फुग्याच्या मागे, टंकीच्या बाजूला आहे. आणि इंजिन अडखळू लागताच फुगा दाबल्यावर ते सावरत असेल, तर पेट्रोल पंपाचा पडदा आणि नळीचे सांधे तपासा, कारण कार्ब्युरेटर मिळेल तेवढे पेट्रोल नीट वापरतो आहे. एवढे निदान एका रबरी फुग्यावरून, एकही बोल्ट न सोडता होते.

त्यानंतर करंट. प्लग बॉडीला पक्का टेकवून किंवा गॅप टेस्टर लावून प्रत्येक सिलिंडरचा करंट वेगवेगळा पाहावा. वायर मोकळी सोडून दोरी ओढू नये, त्याने सीडीआय जाऊ शकतो. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असते, म्हणून ठिणगी तिथून दूर ठेवावी. गार इंजिन चालू होते, पण गरम झाल्यावर बंद पडून पुन्हा उचलत नाही, अशा तक्रारीत इग्निशन कॉइलवर संशय घ्यायला हवा. अशी कितीतरी इंजिने कार्ब्युरेटर धुऊन परत पाठवली जातात आणि तशीच परत येतात. मग सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन मोजावे. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तो दहा टक्क्यांहून जास्त असेल तर जेट धुऊन काही साधणार नाही. करंट आणि कॉम्प्रेशन दोन्ही ठीक निघाले, की ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचे चार थेंब कार्ब्युरेटरच्या तोंडात टाकून दोरी ओढावी. इंजिन क्षणभर पेटून बंद पडले, तर आता फक्त पेट्रोल पोहोचत नाही एवढेच उरले. कार्ब्युरेटर उघडायची वेळ ही. या सगळ्या चाचण्या पाण्याच्या ड्रममध्ये इंजिन बुडवून कराव्यात. कोरडे इंजिन थोडा वेळ चालले तरी वॉटर पंपाचा रबरी इम्पेलर फाटतो, आणि एका दोषाचे दोन होतात.

कार्ब्युरेटर उघडताना पहिली नजर जेटकडे जाते. आम्ही म्हणतो, आधी वाटीखालचा ड्रेन स्क्रू काढा आणि आतले पेट्रोल काचेच्या बाटलीत धरा. तळाशी पाण्याचा थर दिसतो का, गंजाचे कण आहेत का, रंग काळपट-तांबूस झाला आहे का, वास आंबूस आहे का? ही बाटली म्हणजे दोषाचा पुरावा आहे, ती ग्राहकालाही दाखवावी. मग जेट. लहान पायलट जेट चोंदला की इंजिन चोक ओढल्याशिवाय टिकत नाही, संथ चालीत मरते, पण पूर्ण थ्रॉटलला बरे वाटते. मेन जेट अर्धवट चोंदला की उलट घडते, आणि इथे धोका मोठा आहे. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलातूनच येते. ५० ला १ या प्रमाणात लिटरमागे २० मिलि ऑइल. म्हणजे पेट्रोल कमी तर ऑइलही कमी. दोन कार्ब्युरेटरच्या इंजिनात एकाचा मेन जेट चोंदला, तर दुसरा सिलिंडर बोट ओढत राहतो, चालवणाऱ्याला थोडी ताकद कमी वाटते एवढेच, आणि इकडे कोरडा पडलेला पिस्टन सीझ होतो. म्हणून जेटमध्ये तार घालणे आम्हाला मान्य नाही. पितळ मऊ असते, भोक वाढले की मिश्रण कायमचे बिघडते. क्लीनरमध्ये भिजवावे, हवेने फुंकावे, आणि तरीही उजेड आरपार दिसला नाही तर जेट बदलावा.

आता टंकी. देशात पेट्रोलमधल्या इथेनॉलचे सरासरी प्रमाण जून २०२२ मध्ये १० टक्क्यांवर पोहोचले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. यावर एक रास्त आक्षेप येतो: रोजच्या दुचाकी याच पेट्रोलवर धावतात, मग ओबीएमलाच काय झाले? शिवाय २० टक्क्यांचे मिश्रण १० टक्क्यांच्या मिश्रणापेक्षा जास्त पाणी विरघळवून घेते, हेही खरे आहे. पण दुचाकीची टंकी आठवड्याभरात रिकामी होते. बोटीच्या टंकीत गेल्या पावसाळ्याचे पेट्रोल पडलेले असते आणि हवेच्या स्क्रूतून ओलसर हवा आत-बाहेर होत असते. पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल ते घेऊन तळाशी बसते. पेट्रोल उचलणारी नळीही तळाशीच असते, आणि त्या थरात ऑइल जवळजवळ नसते. जुन्या इंजिनाचे जेट ठरावीक मापाचे असल्याने इथेनॉलमुळे पातळ झालेले मिश्रण त्याला सुधारता येत नाही, आणि जुन्या नळ्या, पंपाचे पडदे यांचे रबर या मिश्रणासाठी बनलेलेच नाही. अमेरिकेत १५ टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला परवानगी देताना बोटींची इंजिने त्यातून वगळली गेली. बहुतेक ओबीएम कंपन्याही दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नका असेच सांगतात. इथेनॉलला खलनायक ठरवण्याचा आमचा हेतू नाही. शिळे पेट्रोल इथेनॉलशिवायही जेटवर चिकट पिवळा थर धरते. दोष साठवणीचा आहे, नव्या मिश्रणाने साठवणीची मुदत आणखी कमी केली.

दुसरा आक्षेप वेळेचा: पूर आला असताना एवढ्या चाचण्या कोण करणार? पुरात कोणीच करू नयेत. म्हणूनच हे काम मे महिन्याचेही नाही, ऑक्टोबरचे आहे. पावसाळा संपताच टंकी रिकामी करणे, ड्रेन स्क्रूतून वाटी कोरडी करणे, प्लगच्या भोकांतून थोडे ऑइल सोडून दोरी हळू ओढणे, गिअरचे तेल पाहणे. इंजिन चालवतच पेट्रोल संपवण्याची पद्धत आम्हाला पटत नाही, कारण शेवटच्या क्षणी मिश्रण पातळ होते आणि पिस्टन कोरडा चालतो.

तिसरा आक्षेप कारागिरांचा स्वतःचा आहे, आणि तो सगळ्यात खरा आहे. ग्राहक धुलाईचे पैसे देतो, तपासणीचे देत नाही. बिलावर फक्त ‘कार्ब्युरेटर सर्व्हिस’ असे लिहिले तर तो देणारही नाही. करंट, दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, फुग्याची अवस्था, टंकीत पेट्रोल कधी भरले होते ती तारीख आणि बाटलीत काय निघाले, हे पाच तपशील बिलावर लिहिले, तर पुढच्या वर्षी तेच इंजिन आल्यावर काय बदलले ते तुम्हालाही कळेल आणि कार्यालयालाही. ऑक्टोबरच्या साठवणीच्या कामाचा दर, त्यात काय काय येते आणि किती तास लागतात, हे प्रत्येक कारागिराने याच महिन्यात आपल्या तहसील कार्यालयाला लेखी द्यावे. मेमध्ये बोटी तपासायला बोलावतील तेव्हा ते पत्र सोबत न्यावे.