बॅनर नको, पोच घ्या

बीडमधला असा एक चौक दाखवा जिथं आपल्या पोरांचं बॅनर नाही. ईदच्या शुभेच्छा, भाईंचा वाढदिवस, दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार, रक्तदान शिबिर, इफ्तार. वर नेत्याचा मोठा फोटो, खाली पंधरा चेहरे, त्याखाली मित्रमंडळाचं नाव. मीही अशा बॅनरवर झळकलेलो आहे, त्यामुळे कुणाला वरून शिकवायला आलेलो नाही.

पण एक प्रश्न विचारतो. त्या पंधरा जणांपैकी किती जणांनी आयुष्यात एकदा तरी नगर परिषदेच्या आवक-जावक विभागात अर्ज देऊन, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला आहे? माझ्या ओळखीतल्यांना विचारून पाहिलं. बहुतेक हसले. नगर परिषदेला शिव्या घालणारे लेख पुष्कळ आहेत. मला आज आपल्याशीच भांडायचं आहे.

आपण शहराच्या सेवांची दोनच रूपं शिल्लक ठेवली आहेत, खैरात आणि मेहेरबानी. नळाला पाणी आलं नाही की कुणीतरी टँकर पाठवतो आणि टँकरवर त्याचं नाव असतं. गटार तुंबलं की भाईला फोन जातो, भाई कुणाला तरी फोन करतो, दोन दिवसांनी माणूस येतो आणि आपण भाईचे आभार मानतो. वास्तविक रस्ते झाडणं, गटारं काढणं, दिवाबत्ती, पाणीपुरवठा, जन्म-मृत्यूची नोंद ही १९६५ च्या महाराष्ट्र नगर परिषद कायद्याने परिषदेवर टाकलेली कर्तव्यं आहेत. जे कर्तव्य आहे त्याचे आभार कसले मानता?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथं कुणी ‘अ‍ॅप बंद पडतंय’ म्हणून ओरडलं तर पहिला प्रश्न येतो, तिकीट नंबर काय? नंबर नसेल तर बिघाड झालाच नाही असं धरलं जातं. नगर परिषदेतही तेच आहे. फोनवर केलेली तक्रार हवेत जाते. पोच असलेला अर्ज फाइलमध्ये जातो आणि त्या फाइलचं उत्तर कुणाला तरी द्यावं लागतं.

फोनच्या पद्धतीचा फोलपणा आपण नुकताच भोगला. २०१६ साली निवडून आलेल्या परिषदेची मुदत संपली आणि पुढचं मतदान थेट २ डिसेंबर २०२५ ला झालं. मधली जवळपास चार वर्षं प्रशासकाची. फोन करायला नगरसेवकच नव्हता. प्रशासकाला वाढदिवसाचं बॅनर लागत नाही, कागद लागतो. आणि कागद आपल्याकडे नव्हता.

बाहेरचे पाहुणे आले की आपण त्यांना खजाना बावडी दाखवायला नेतो. सोळाव्या शतकात सलाबत खानाने ती बांधवली, आखणी राजा भास्करची. त्यांनी लोकांना पाणी वाटून नाव कमावलं नाही. जमिनीखालून पाटच काढून दिले, म्हणून चारशे वर्षं ते पाणी शेतात जातंय. टँकर उन्हाळा संपला की जातो, आणि कधीकधी निवडणूक संपली की.

आता पातूरचं बघा. अकोला जिल्ह्यातल्या या नगर परिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू होती. एका माजी सदस्याने हरकत घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १५ एप्रिल २०२५ ला न्यायालयाने सांगितलं की भाषा म्हणजे धर्म नव्हे. स्थानिक संस्थांत मराठी सक्तीची करणारा २०२२ चा कायदा सोबत उर्दू लिहायला बंदी करत नाही. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. मीही ठेवला. आनंद खरा होता. पण पाटी दाराबाहेर असते. दाराच्या आत अर्ज, ठराव, निविदा, अर्थसंकल्प, सगळं मराठीत चालतं. आपल्या अब्बा-अम्मीची अडचण समजू शकतो, त्यांचं शिक्षण उर्दूत झालं. आपण मराठीत भांडतो, मराठीत मीम बनवतो. आपल्याला अडचण कसली?

या आळसाची किंमत काय असते ते जन्माच्या दाखल्यात दिसतं. २०२५ च्या सुरुवातीला मालेगाववरून गदारोळ उठला, उशिरा नोंदवलेल्या जन्मांचे दाखले देणं सरकारने थांबवलं, चौकशी लावली, मग नियम कडक केले. त्याआधी, १ ऑक्टोबर २०२३ पासून, नव्या जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत हाच दाखला मुख्य पुरावा ठरला आहे. अशा काळात माझ्या फुफूच्या नातवाचा दाखला हातात घेतला तर नावाची जागा कोरी. पोरगं नऊ वर्षांचं. दवाखान्यातून नोंद झाली होती, पुढे नाव घालायला घरातलं कुणी गेलंच नव्हतं. पहिल्या वर्षात ते फुकट होतं, पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून होतं. एका अर्जाचं काम. त्याच गल्लीत दर रमजानला आमची इफ्तार होते, मंडपात शंभर माणसं बसतात. ‘उद्या येताना दाखले घेऊन या’ असं नऊ वर्षांत कुणी म्हणालं नाही. मीही नाही.

यावर दोन उत्तरं मला नेहमी मिळतात.

पहिलं, ‘मुसलमानांची वस्ती आहे, अर्ज करून काय होणार?’ भेदभाव नसतो असं मी म्हणणार नाही. गेवराई तालुक्यातल्या अर्धमसल्याच्या मशिदीत ईदच्या आदल्या दिवशी, ३० मार्च २०२५ च्या पहाटे, जिलेटिनचा स्फोट झाला. भीती कल्पनेतली नाही. पण गटाराच्या बाबतीत भेदभाव आहे की नाही हे आकड्यांनी सांगता येतं. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. एक विषय, दीडशे शब्द, तीस दिवसांत उत्तर. गेल्या तीन वर्षांत प्रभागनिहाय गटारांवर आणि दिव्यांवर किती खर्च झाला ते विचारा. अल्पसंख्याक बहुल वस्त्यांतल्या सुविधांसाठी राज्याकडून अनुदान मिळालं का, मिळालं तर कुठल्या गल्लीत गेलं, तेही वेगळ्या अर्जात विचारा. अन्याय दिसला तर हातात पुरावा येईल. शेजारच्या बौद्धवस्तीची आणि पारधी वस्तीची अवस्था आपल्यासारखीच निघाली, तर भांडायला सोबती मिळतील. दोन्हीत फायदाच आहे. तोटा फक्त कट्ट्यावर बसून रडण्यात आहे.

दुसरं उत्तर, ‘आम्ही खिदमत करतो, सवाबचं काम आहे.’ आहेच. रक्तदान बंद करा असं कोण म्हणतंय? रस्त्यातली इजा दूर करणं हा ईमानाचा भाग, ही हदीस आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण रस्त्यातला दगड एकट्याने उचलता येतो. उघड्या गटारावर झाकण बसवून घ्यायला अर्ज लागतो. मग तो अर्ज खिदमत का नाही? त्यात फोटो निघत नाही म्हणून?

पुढचा कार्यक्रम असा करा. स्टेज नको, हार नकोत, प्रमुख पाहुणे नकोत. जुम्याच्या नमाजनंतर शादीखान्यात चार टेबलं मांडा. एकावर जन्मदाखले, आधार आणि शाळेचा दाखला शेजारी ठेवून नावं ताडून पाहा. ‘शेख’ आणि ‘शैख’, ‘महंमद’ आणि ‘मोहम्मद’ यांच्यातला फरक आज सुधारा, पोरगं कॉलेजात गेल्यावर नाही. दुसऱ्यावर नळजोडणी आणि घरपट्टी. तिसऱ्यावर माहिती अधिकार. चौथ्यावर लोकसेवा हक्क. २०१५ च्या या कायद्याप्रमाणे सेवा कोणती, मुदत किती, अधिकारी कोण याचा फलक कार्यालयाने लावायचाच असतो. मुदत टळली तर दोन अपिलं, त्यानंतर आयोग, आणि कारण नसताना टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. टेबलांवर मुलींना बसवा; आपल्या घरांतले फॉर्म आजही बहुतेक त्याच भरतात, नाव मात्र भावाचं होतं.

सोमवारी सगळे अर्ज घेऊन नगर परिषदेत जा. शांतपणे रांगेत उभे राहा. प्रत्येक प्रतीवर शिक्का घ्या. महिन्याने पुन्हा जा.

आणि बॅनर लावायची हौस फिटत नसेल तर तेही लावा. पंधरा चेहऱ्यांच्या जागी पंधरा आवक क्रमांक छापा, प्रत्येकासमोर तारीख आणि काम. जे काम झालं त्यावर बरोबरची खूण करा. बाकीचे तसेच राहू द्या, चौकातून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतील असे.