‘अत्यावश्यक’ कोण?

टाळेबंदी उठून आता बराच काळ लोटला आहे. लोक त्या दिवसांविषयी बोलतात ते एखाद्या अतिवृष्टीविषयी बोलावे तसे. आली, नुकसान झाले, गेली. ‘त्याला कोण काय करणार होते, फादर?’ हे वाक्य आम्ही अंत्यविधींच्या वेळी, घरभेटींत, धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत इतक्यांदा ऐकले की काही काळ आम्हीही ते उच्चारू लागलो होतो. आज आमचा आक्षेप ह्या वाक्यालाच आहे. विषाणू कोणाच्या हातात नव्हता हे मान्य. पण आगगाडीच्या डब्याचे दार कोणाच्या तरी हातात होते.

आमच्या भागातील एका भगिनीची हकिगत सांगतो. नाव लिहीत नाही. घरच्यांची तशी इच्छा आहे. भिवपुरी रोड स्थानकापासून चालत पाऊण तासावर घर. नवरा एका मुंबईकराच्या फार्महाऊसवर राखणदार. वय एकेचाळीस. छातीतली गाठ तिने वर्षभर लपवली. का लपवली हे आमच्या वाचक-भगिनींना सांगावयास नको. २०१९च्या अखेरीस निदान झाले आणि परळच्या रुग्णालयात केमो सुरू झाली. आधी औषधाचे डोस, गाठ आकसली की शस्त्रक्रिया, असा बेत डॉक्टरांनी आखून दिला होता. दर एकवीस दिवसांनी पहाटेची लोकल धरायची, दिवसभर रांगा, संध्याकाळी ओकारीची पिशवी हातात घेऊन परतीची लोकल. तिसरा डोस ३ मार्च २०२० रोजी झाला. चौथा २४ मार्चला होता.

२३ मार्चपासून लोकल बंद झाली. २४ तारखेच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली.

ज्यांचे आयुष्य ह्या लोहमार्गाच्या काठाने गेले आहे त्यांनाच लोकल बंद होणे म्हणजे काय हे कळेल. कर्जत मुंबईपासून शंभर किलोमीटर. भिवपुरीहून परळला जाताना रायगड, ठाणे, मुंबई उपनगर आणि मुंबई शहर असे चार जिल्हे लागतात. गाडीत बसलेल्या माणसाला ह्या सीमा कधी दिसत नाहीत. गाडी बंद होताच त्या सीमांवर पोलीस उभे राहिले आणि जिल्ह्याबाहेर जाण्यासाठी ई-पास आला. तो २ सप्टेंबर २०२० पर्यंत होता. त्यासाठी संगणकावर अर्ज, डॉक्टरांचा दाखला, ओळखपत्राचे छायाचित्र. ज्या घरात एकच साधा फोन आणि त्यालाही डोंगराच्या कडेला उभे राहिल्याशिवाय आवाज नाही, त्या घराने हे कसे करावे? आमच्याकडील कातकरी आणि ठाकूर वाड्यांची गोष्ट तर निराळीच. भाड्याच्या मोटारीस विचारले, तर जाऊन-येऊन साडेचार हजार. लोकलचे तिकीट तीस-पस्तीस रुपये. औषधोपचारासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना होती. रुग्णालयाचे दार उघडे होते. पण ह्या दोन गोष्टींच्या मधले अंतर कोणत्याच योजनेत बसत नव्हते.

तिचा चौथा डोस अखेर १२ मे रोजी झाला, तोही भाजीच्या टेम्पोत पुढे बसून. एकवीस दिवसांचे अंतर सत्तर दिवसांचे झाले होते.

येथे एक गोष्ट आम्हांस राहून राहून आठवते. २० मार्च २०२० रोजी रेल्वेने लोकांनी प्रवास करू नये म्हणून बहुतेक सवलती स्थगित केल्या. विद्यार्थी, अपंग आणि रुग्ण ह्यांच्या सवलती मात्र राखल्या. म्हणजे कर्करुग्णाचा प्रवास हा हौसेचा प्रवास नव्हे, हे शासनाला ठाऊक होते. सवलत कागदावर शाबूत राहिली आणि तीन दिवसांत गाडी गेली. १५ जूनला लोकल पुन्हा धावू लागली ती ‘अत्यावश्यक सेवेतील’ कर्मचाऱ्यांसाठी. सुरुवातीस ती मोजक्या स्थानकांवर थांबे, हे खरे. पण नेरळ किंवा कर्जतपर्यंत रिक्षाने जाता आले असते. कर्करुग्ण आणि अपंग ह्यांना तिच्यात पाय ठेवण्याची परवानगी मिळाली सप्टेंबरच्या अखेरीस. गाडी रुळावर, डॉक्टर जागेवर, रुग्ण घरात, असे साडेतीन महिने गेले.

आम्ही टाळेबंदीच्या विरोधात लिहितो आहोत असा कोणी अर्थ काढू नये. गर्दीने रोग पसरतो आणि लोकलइतकी गर्दी पृथ्वीच्या पाठीवर फार थोड्या ठिकाणी होत असेल. गाड्या बंद करणे भागच होते असे आम्हीही मानतो. आमचा प्रश्न त्यानंतरचा आहे. जूनच्या मध्यावर ज्या वेळी गाडीत कोणी बसावे ह्याची यादी तयार झाली, त्या वेळी यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोण होते? काम करणारा माणूस होता. ज्याच्यावाचून शहर अडते तो होता. ज्याचे शहरावाचून अडते तो नव्हता. ‘अत्यावश्यक’ ह्या शब्दाचा अर्थ त्या दिवशी एकाच बाजूने लावला गेला. आणि गर्दीचे कारण तरी कसे द्यावे? मुंबईच्या प्रत्येक लोकलला अपंगांसाठी जो छोटा डबा असतो, त्यात कर्करुग्णांना बसण्याची मुभा कित्येक वर्षांपासून आहे. नवा डबा जोडावयाचा नव्हता, नवी पाटी रंगवावयाची नव्हती. २०२१च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि पुन्हा निर्बंध आले, तेव्हा राज्य शासनाच्या आदेशात उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला लोकलची मुभा देणारे कलम होते. एक वाक्य. ते २०२१ साली लिहिता आले, तर आधीच्या वर्षी का लिहिता आले नाही, ह्याचे उत्तर आम्हांस अद्याप मिळालेले नाही.

दुसरे उत्तर आम्हांस सुशिक्षित मंडळींकडून मिळते. ‘डॉक्टरच त्या वेळी उपचार पुढे ढकलत होते, केमोने प्रतिकारशक्ती खालावते, मग त्या रुग्णाला परळच्या गर्दीत नेणे धोक्याचे नव्हते काय?’ होते. काही रुग्णांचे उपचार डॉक्टरांनी विचारपूर्वक लांबवले, तेही योग्यच झाले असेल. परंतु रुग्णाला तपासून ‘तू महिनाभर थांब’ असे वैद्याने सांगणे आणि वाहन नाही म्हणून तो घरी बसणे, ह्या दोन गोष्टी एका तराजूत कशा घालता येतील? त्याच परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील शल्यविशारदांनी २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० ह्या अत्यंत कठीण काळात कर्करोगाच्या ४९४ मोठ्या शस्त्रक्रिया केल्या आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांतील एकही रुग्ण दगावला नाही. काळजी घेऊन उपचार चालू ठेवता येतात हे त्यांनी करून दाखवले. जे पोहोचले त्यांच्यासाठी!

जे पोहोचले नाहीत त्यांची मोजदादही झाली आहे. राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातील ४१ केंद्रांचा अभ्यास २०२१ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ ह्या नियतकालिकात आला. २०१९च्या मार्च ते मे ह्या तीन महिन्यांत त्या केंद्रांत १,१२,२७० नवे रुग्ण नोंदले गेले होते. २०२०च्या त्याच महिन्यांत ५१,७६०. निम्म्याहून अधिक दारापर्यंत आलेच नाहीत. रोग काही टाळेबंदीत सुट्टीवर गेला नव्हता. मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी घटल्या. आणि ज्यांच्यासाठी आता वेदना कमी करणे एवढेच उरले आहे, त्यांना वेदनाशामक सेवेकडे पाठवण्याचे प्रमाण २९ टक्क्यांनी घटले. हा शेवटचा आकडा आम्हांस, मरणाऱ्यांच्या उशाशी बसणे हे ज्यांचे कामच आहे त्यांना, सर्वांत अधिक बोचतो.

भिवपुरीच्या माणसाने हा प्रश्न विचारावा ह्याला आणखीही एक कारण आहे. खोपोलीचे वीजगृह १९१५ सालचे आणि भिवपुरीचे १९२२ सालचे. आमच्या डोंगरांवरून कोसळणारे पाणी, आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने वाहिलेली माती, आणि तारांवरून मुंबईला गेलेली वीज. त्या उद्योगाची धुरा ज्यांनी वाहिली त्या सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांच्या नावच्या विश्वस्त निधीतून परळचे रुग्णालय उभे राहिले व २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले. ते भारतातील गरिबांसाठी होते आणि आहे. त्याबद्दल आमच्या मनात कृतज्ञतेखेरीज काही नाही. पण शंभर वर्षे आमची वीज एका क्षणात मुंबईस पोहोचते आणि आमची एक आजारी बाई सत्तर दिवस पोहोचत नाही, हा हिशेब कोणी तरी मांडावयास हवा.

आता आमच्या स्वतःच्या घराकडे वळतो. कारण दुसऱ्यांच्या अंगणातले कुसळ दाखवून लेख संपवणे सोपे आहे.

ती परळहून परतली त्या संध्याकाळी वेशीवर आडवे बांबू होते. ‘मुंबईहून आली’ म्हणून टेम्पो अडवला गेला. अडवणाऱ्यांत आमच्या रविवारच्या मिस्साबलीला पहिल्या बाकावर बसणारे लोक होते. तिच्या डोक्यावर केस नव्हते, उभे राहण्याचे त्राण नव्हते. दोन तास ती रस्त्याकडेला दगडावर बसून राहिली. पुढे चौदा दिवस त्या घरी कोणी दूध ठेवले नाही. आणि आम्ही? आम्ही अंगणापर्यंत गेलो. सहा फुटांवर उभे राहून प्रार्थना केली, आशीर्वाद दिला, परतलो. तिने आत येण्याविषयी विचारले नाही, आम्हीही म्हटले नाही. रुग्णाभ्यंग फोनवरून देता येत नाही हे सेमिनरीच्या पहिल्या वर्षातला मुलगाही जाणतो. आम्ही वयाचे, मधुमेहाचे आणि धर्मग्रामाच्या सुरक्षिततेचे कारण स्वतःला दिले. ती कारणे खोटी नव्हती. पुरेशीही नव्हती.

त्याच पावसाळ्यात आणि नंतर राज्यात एक मोठी चळवळ चालली होती, ती प्रार्थनास्थळे उघडण्याची. ५ ऑक्टोबर २०२० रोजी मद्यालये उघडली, मग मंदिरे आणि चर्चेस बंद का, असा सवाल सर्व धर्मांच्या लोकांनी केला. आम्हीही केला, निवेदनावर आमचीही सही आहे. १६ नोव्हेंबरला दारे उघडली तेव्हा आम्ही घंटा वाजवली. कर्करुग्णांना लोकलचा डबा मिळावा म्हणून आम्ही एक तरी निवेदन लिहिले होते काय? त्यासाठी सह्या गोळा केल्या होत्या काय? आमच्या कार्यालयातील जावक वही आम्ही पाहिली. नाही. खाटेवरच्या पक्षघाती माणसाला गर्दीमुळे आत नेता येईना, तेव्हा त्याच्या चौघा सोबत्यांनी छप्पर उसकटले, ही शुभवर्तमानातील कथा आम्ही दरवर्षी वाचून दाखवतो. छप्पर आमचेच होते आणि ते शाबूत राहावे ह्याचीच आम्हांस चिंता होती.

‘देवाची इच्छा’ हे तिसरे उत्तर. ते देणारे बहुधा भाविक आणि सरळ मनाचे असतात, म्हणून त्यांच्याशी कठोर बोलवत नाही. तरीही बोलणे भाग आहे. दुःखसहनाला ख्रिस्ती श्रद्धेत अर्थ आहे, हे आम्ही नाकारत नाही. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९८४ साली मानवी यातनांवर जे प्रेषितीय पत्र लिहिले, त्यात ह्या अर्थाचा सखोल विचार आहे. परंतु ते पत्र अखेरीकडे येते ते चांगल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्यापाशी. रस्त्यात पडलेल्याला ‘तुझे दुःख अर्पण कर’ असे सांगून पुढे जाणारे त्या दाखल्यात आहेत काय? पुढे जाणारे दोघे आहेत, आणि त्यांतला एक याजक आहे.

ती भगिनी पुढच्या वर्षीच्या प्रायश्चित्तकाळात गेली. वेळेवर डोस मिळाले असते तर ती वाचली असती असे आम्ही म्हणणार नाही. कोणताही प्रामाणिक डॉक्टर म्हणणार नाही. मात्र तिचे शेवटचे तीन आठवडे ज्या वेदनेत गेले, तिच्याविषयी आम्ही बोलू शकतो, कारण त्या वेळी आम्ही आत गेलो होतो, अभ्यंगही दिले. मॉर्फिनच्या गोळ्यांसाठी तिचा नवरा आणि आम्ही दोन दिवस औषधाच्या दुकानांतून फिरलो. मिळाल्या नाहीत. अशा औषधांच्या परवान्यांची गुंतागुंत कमी व्हावी म्हणून २०१४ साली कायदा बदलला गेला. तो बदल आमच्या दुकानांच्या फळीपर्यंत आलेला नव्हता. वांद्र्याला शांती आवेदना सदन आहे. टाटा रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. लुईस डिसोझा ह्यांनी १९८६ साली स्थापलेले, भारतातील अशा प्रकारचे पहिले, धर्मभगिनी तेथे मरणोन्मुखांची शुश्रूषा करतात. पण तेही वांद्र्याला.

२०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत केमोची दिवसभराची केंद्रे सुरू करण्याची घोषणा झाली. चांगली घोषणा आहे. फक्त आमच्या जिल्ह्याचे ठाणे अलिबाग, आणि कर्जत-खालापूरच्या माणसाला अलिबाग परळपेक्षा अवघड. थेट गाडी नाही, एका दिवसात जाऊन-येऊन जीव जातो. म्हणून आमची मागणी जिल्ह्याच्या नावाने नव्हे, लोहमार्गाच्या हिशेबाने आहे: परळच्या तज्ज्ञांनी लिहून दिलेला नेहमीचा डोस कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात देता यावा, तेथे वेदनाशामक औषध असावे, आणि पुढच्या कोणत्याही बंदच्या आदेशात रुग्ण व सोबती ह्यांचे कलम पहिल्याच दिवशी असावे. हे निवेदन तयार आहे. ह्या वेळी ते जावक वहीत नोंदले आहे. सह्यांसाठी ते चर्चच्या दारात ठेवले आहे; बौद्ध वस्तीत आणि देवळाच्या विश्वस्तांकडेही त्याच्या प्रती दिल्या आहेत.

आणि ज्या कुटुंबांकडे मोटार, रिक्षा वा टेम्पो आहे त्यांनी पुढच्या रविवारी आपले नाव व फोन क्रमांक कार्यालयात द्यावा. चालवणारा कोण, रात्री उठवले तर चालेल काय, आणि घरचे बाहेरगावी असतील तेव्हा किल्ली कोणाकडे असते, तेही लिहावे.