आरोग्य-पर्यटन : जमेची बाजू आणि नावेची बाजू

एके काळी पिंपरी-चिंचवडची ओळख कारखान्यांच्या भोंग्यांवरून होत असे. हृदयाची किंवा सांध्याची मोठी शस्त्रक्रिया करावयाची झाल्यास येथील रुग्ण पुणे वा मुंबई गाठीत असे. आज चित्र पालटले आहे. संत तुकारामनगरातील महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, पिंपरीतील वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. डी. वाय. पाटील रुग्णालय, २००६ मध्ये थेरगावला सुरू झालेले आदित्य बिर्ला स्मृती रुग्णालय अशी साखळी येथे उभी आहे. मोठ्या खासगी रुग्णालयांत आता परदेशी रुग्णांचीही विचारपूस होते.

या व्यवहाराची जमेची बाजू भक्कम आहे. ब्रिटनमधील रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी दीर्घ प्रतीक्षा करावी लागते, आफ्रिकेतील कित्येक देशांत तज्ज्ञच दुर्मीळ आहेत, तर अमेरिकेतील खर्च सामान्यांना झेपणारा नाही. भारतात २०१७ मध्ये हृदयातील स्टेंट आणि गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर सरकारने मर्यादा घातली, त्यामुळे उपचार अधिकच किफायतशीर झाले. परकीय चलन येते; त्याबरोबर औषध दुकानदार, वाहनचालक, दुभाषी, खाणावळी आणि घरमालक यांनाही काम मिळते.

मात्र वहीचे दुसरे पान न उलटता नफा मोजणे हे व्यापाऱ्याचे लक्षण नव्हे. २०१९ मध्ये उपचारांसाठी भारतात आलेल्या परदेशी नागरिकांची संख्या सुमारे सात लाख होती. २०२० च्या महामारीत ती दोन लाखांच्या खाली आली. २०२४ मध्ये बांगलादेशातील सत्तांतरानंतर व्हिसा आखडले आणि कोलकात्याच्या रुग्णालयांना त्याची झळ बसली. म्हणून रुग्णालयाशेजारी सदनिका घेऊन ती परदेशी रुग्णांच्या नातेवाइकांना देऊ इच्छिणाऱ्याने कर्जाचा हप्ता केवळ या एका गिऱ्हाइकावर अवलंबून ठेवू नये. शिवाय परदेशी पाहुणा उतरताच चोवीस तासांत विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयास कळविणे बंधनकारक आहे, याचेही भान ठेवावे.

दुसरा धोका दलालीचा. व्यापारात आडत हा रीतसर मोबदला आहे. परंतु रुग्ण पाठविल्याबद्दल डॉक्टरने कमिशन घेणे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने निषिद्ध ठरविले आहे. त्याचे कारण उघड आहे. धान्याचा भाव गिऱ्हाईक चार दुकानांत विचारू शकते, भुलीखाली असलेला रुग्ण तसे विचारू शकत नाही.

सर्वांत मोठा प्रश्न स्थानिकांचा. चाकणच्या कारखान्यात यंत्रावर हात गमावलेला कंत्राटी कामगार आणि डॉलर मोजणारा पाहुणा यांना खाट, परिचारिका आणि तज्ज्ञाचा वेळ एकाच भांडारातून मिळतो. या ओढाताणीवर एक तोड कायद्यातच आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ अन्वये उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे, धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखावयाच्या असतात. इतर रुग्णांच्या बिलाचे २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा करावे लागतात. याचा अर्थ असा, की धर्मादाय रुग्णालयात परदेशी रुग्णाचे बिल जितके मोठे, तितकी गरिबाची शिल्लकही वाढली पाहिजे.

ती खरोखर वाढते का, हे पाहणे कोणाचे काम? आपल्या समाजातील अनेक कुटुंबे रुग्णालयांना देणग्या देतात, काही सज्जन विश्वस्त मंडळांवरही आहेत. औषधदानाची परंपरा सांगणाऱ्यांनी देणगीच्या फलकावरील नावाबरोबर निर्धन रुग्ण निधीचा ताळेबंदही मागावा. वर्षाकाठी किती जमा झाले, किती खर्ची पडले आणि राखीव खाटांपैकी किती प्रत्यक्षात भरल्या, हे तीन आकडे पुढील सभेत विचारावेत. दुकानाचा हिशेब दिवाळीला तपासणाऱ्या घरांना हे मुळीच अवघड नाही.