विज्ञानाची गाडी आषाढात यावी

ज्येष्ठाच्या अखेरीस पहिल्या सरी कोसळल्या की, जव्हार तालुक्यातील जामसरच्या परिसरात पालापाचोळ्यातून शेवळांचे जांभळट कोंब डोके वर काढतात. पहाटे रानात जाऊन ते खुडून आणणाऱ्या बायकांबरोबर मुलेही असतात. या शेवळांच्या जुड्या पुढे पालघर, वसई, ठाण्याच्या बाजारात पोहोचतात आणि विकणारी बाई जुडीबरोबर काकडाची चार आंबट फळेही हातावर ठेवते. ती कशासाठी, असे एखाद्या नवख्या गिऱ्हाइकाने विचारले तर ती म्हणते, "ती घातल्याशिवाय घसा खाजंल, ताई."

या एका वाक्यात विज्ञानाचा एक संपूर्ण पाठ दडलेला आहे. शेवळ ही सुरणाच्या कुळातील वनस्पती. तिच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुयांसारखे सूक्ष्म स्फटिक असतात; ते घशात टोचतात म्हणून खाज सुटते. जामसरच्या दहा वर्षांच्या मुलीला शेवळ कोठे उगवते, आतला कोणता भाग काढून टाकायचा, सोबत कोणते आंबट घालायचे, हे सारे ठाऊक आहे. मात्र शाळेत आम्ल, क्षार, स्फटिक, पेशी हे शब्द फळ्यावर येतात, तेव्हा त्यांचा आपल्या घरच्या चुलीशी काही संबंध आहे, हे तिला कोणी सांगत नाही. शहरातील मुलाकडे शब्द आहे, अनुभव नाही. जामसरच्या मुलीकडे अनुभव आहे, शब्द नाही. परीक्षा मात्र केवळ शब्दांची होते आणि मग हीच मुलगी 'विज्ञानात कच्ची' ठरते.

हा दुरावा मिटवण्याचा एक जुना, परंतु आपल्याकडे उपेक्षित राहिलेला मार्ग म्हणजे संग्रहालयाने शाळेच्या वर्गात येणे. पक्ष्यांची पिसे, दगड, बिया, कीटकांच्या पेट्या आणि सूक्ष्मदर्शक घेऊन जाणकार शिक्षक शाळेत येतो आणि मुले त्या वस्तू हाताळून, तपासून, प्रश्न विचारून शिकतात. कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक व तंत्रवैज्ञानिक संग्रहालयाने १९६५मध्ये फिरते प्रदर्शन सुरू केले. नव्वदच्या दशकात पुण्याच्या विज्ञानवाहिनीने प्रयोगशाळाच बसमध्ये बसवून ती ग्रामीण महाराष्ट्रात नेली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची फिरती बसही २०१५पासून शाळांच्या दारी जात आहे. हे प्रयत्न स्तुत्यच आहेत.

याच मुंबईच्या संग्रहालयाच्या इतिहासातील एक पान येथे उलगडले पाहिजे. १८८३मध्ये मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. १९०८च्या सुमारास एक मुलगा छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली, गळ्याशी पिवळा डाग असलेली चिमणी घेऊन या संस्थेत आला. सोसायटीचे मानद सचिव मिलार्ड यांनी त्याला हुसकावून लावले नाही. खणांमागून खण उघडून शेकडो पक्ष्यांचे नमुने दाखवले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. पुढे १९२६मध्ये तेच सालिम अली तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाच्या निसर्ग विभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून रुजू झाले. म्हणजे भारतातील सर्वांत थोर पक्षिशास्त्रज्ञाची एक नोकरी संग्रहालय शिक्षकाचीच होती! परंतु १९२८मध्ये रजा घेऊन ते अभ्यासासाठी जर्मनीला गेले आणि १९३०मध्ये परतले, तेव्हा निधीअभावी ते पदच रद्द झालेले होते. वस्तू सांभाळायला पैसा मिळतो, वस्तू समजावून सांगणाऱ्या माणसासाठी मिळत नाही, हे आपले जुनेच दुखणे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जव्हार-मोखाड्यातील शाळांपर्यंत असा उपक्रम पोहोचला, तरी तो कोणत्या महिन्यात पोहोचतो? आपली विज्ञान प्रदर्शने डिसेंबर-जानेवारीत भरतात, राष्ट्रीय विज्ञान दिन २८ फेब्रुवारीला येतो. रस्ते कोरडे, हवा आल्हाददायक, शहरातील कार्यकर्त्यांना सोयीचे. परंतु या भागाचे पंचांग निराळे आहे. भात, नागली, वरईची कापणी आटोपली की, दिवाळीनंतर अनेक कुटुंबे बिऱ्हाड बांधून वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर मजुरीसाठी उतरतात. लहान मुले त्यांच्यासोबत जातात. पौषात सूक्ष्मदर्शक घेऊन गाडी आली, तर ज्या मुलांना तिची सर्वाधिक गरज आहे, ती मुले भिवंडी-वसईकडच्या एखाद्या भट्टीवर असतात. हजेरीपटावर नाव असते. बाकावर मूल नसते.

निसर्गाचे पंचांगही हेच सांगते. पौषात डोंगर करपलेले असतात. शेवळे, करटोली, भारंगी, प्रवाहाविरुद्ध चढणारे वलगणीचे मासे, खेकडे, बेडकांचे आवाज, सुगरणीची घरटी हा सारा वैभवकाळ पावसाळ्यातला. पुस्तकातील प्रत्येक प्रकरणाचा जिवंत नमुना शाळेच्या कुंपणाशी उभा असतो, तेव्हाच तो दाखवणारा माणूस तेथे नसतो. म्हणून आग्रहाची विनंती अशी की, विज्ञानाची गाडी आषाढात यावी.

पावसाळ्यात घाट खचतात, बस अडकते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्यासाठी बसच कशाला हवी? दोन माणसे आणि एक पेटी एस.टी.नेही येऊ शकतात. मनु प्रकाश यांनी विकसित केलेला, कागदाची घडी घालून बनणारा फोल्डस्कोप हा सूक्ष्मदर्शक वहीत मावतो. शेवळाचा पातळ काप त्याखाली ठेवला की, मुलीला आपल्या घशात टोचणाऱ्या सुया डोळ्यांनी पाहता येतात. मग पुढचा प्रश्न तिनेच विचारावा: काकडाच्या आंबट पाण्यात उकळलेल्या कापात त्या सुया कमी दिसतात का? साध्या पाण्यातल्या कापात किती दिसतात? येथे चाखून पाहायचे नाही, मोजून पाहायचे. आजीचे ज्ञान गृहीतक झाले आणि नात ते तपासू लागली, की विज्ञान सुरू झाले.

दगडाचेही तसेच. या तालुक्यांत वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. असे का? सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला घट्ट काळा पाषाण आणि त्यातलाच सच्छिद्र थर, हे दोन्ही दगड पाण्यात बुडवून मुलांनी वजन करून पाहावे. कोणता पाणी धरतो, कोणता सोडतो, हे कळले की पावसाचे पाणी उतारावरून का पळते आणि बांध कोठे घालावा, याचा विचार आपोआप सुरू होतो. या मुलांसाठी भूगर्भशास्त्र म्हणजे आईच्या डोक्यावरील हंडा आहे.

एक सावधगिरीही हवी. परंपरेला सारेच ठाऊक होते, असे म्हणून छाती फुगवणे सोपे असते; त्याने परंपरेचा सन्मान होत नाही. शेवळाचे ज्ञान प्रयोगाच्या कसाला उतरले, तर ते अभिमानाने सांगावे; परंतु नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे चावल्यावर मंत्र उपयोगी पडत नाही, प्रतिविषच लागते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे. चारही सापांच्या प्रतिकृती हातात घेऊन ओळखायला शिकलेला मुलगा आपल्या धाकट्या भावाला भगताकडे न नेता दवाखान्यात न्या, असा हट्ट घरात धरू शकतो. त्या एका हट्टाने जीव वाचतो. तसेच, रानातील काहीही उचलून आणणे म्हणजे निसर्गाभ्यास नव्हे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची मर्यादा सांभाळून गळलेली पाने, बिया, दगड एवढ्यावरही पुष्कळ शिकता येते.

असे शिक्षण याच मातीत पूर्वी झाले आहे. पालघर जिल्ह्यातील कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाने, बिया, शंख-शिंपले, माती यांतूनच शैक्षणिक साधने घडवली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली. मूल जेथे आणि जेव्हा असेल, तेथे आणि तेव्हा शाळेने जावे, हे त्यांचे सूत्र संग्रहालयांनीही स्वीकारायला हवे.

पोटाची खळगी भरत नाही तेथे सूक्ष्मदर्शकाचे काय कौतुक, असे कोणी विचारील. परंतु वीटभट्टीच्या चक्रातून सुटण्याची वाट शाळेतून जाते आणि शाळेत आपण मूर्ख ठरतो, असे वाटणारे मूल ती वाट अर्ध्यावरच सोडते. आपल्याला जे येते त्यालाच विज्ञान म्हणतात, हे ज्या मुलाला कळले, ते टिकून राहण्याची शक्यता अधिक.

यासाठी फार मोठी योजना नको. संग्रहालयाच्या शिक्षकाने वर्षातून एकदा झगमगाट करून जाण्याऐवजी जून ते ऑक्टोबर या काळात तीनदा यावे. साधनांची पेटी शाळेतच ठेवावी आणि ती वापरण्याचे प्रशिक्षण तेथील शिक्षकांना द्यावे. वर्गात त्याच्या शेजारी गावातील एखाद्या जाणत्या बाईला बसवावे. वारली किंवा कोकणा बोलीतील नावे तिने सांगावीत, शास्त्रीय नाव त्याने सांगावे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी सुचवलेले दहा दप्तरविरहित दिवस या कामी येऊ शकतात. शहरातील आपली कुटुंबे एका शाळेच्या पेटीचा खर्च सहज उचलू शकतात. घरातील जीवशास्त्राचा पदवीधर मुलगा किंवा मुलगी पावसाळ्यातील दोन रविवार-सोमवार जोडून जामसरला जाऊ शकते. तेथे शिकवावे, त्याहून अधिक शिकून यावे.

येत्या ज्येष्ठात बाजारात शेवळांची जुडी घ्याल, तेव्हा काकडाची फळे हातावर ठेवणाऱ्या त्या बाईला एक प्रश्न अवश्य विचारा: तुमच्या गावची शाळा कोठे आहे? आणि दिवाळीपूर्वी तेथे जाऊन या.