रहिवासाची शेवटची पायरी

परदेशांत कायमचा रहिवास मिळविणाऱ्या तरुणांच्या घरीं एक गोष्ट आतां चांगलीच परिचयाची झाली आहे. अर्ज मंजूर झाल्याचें पत्र आलें म्हणजे काम संपलें असें होत नाहीं. त्यानंतर आणखी कागद, आणखी छायाचित्रें, आणखी एक सही, आणि मग केव्हां तरी शेवटचें कार्ड हातीं पडतें. ही धांदल आपण दिवाणखान्यांत बसून मोठ्या सहानुभूतीनें ऐकतों. परंतु जो मनुष्य आपण होऊन परमुलुखांत गेला, त्यास त्या मुलखानें कागद विचारावे यांत अन्याय असा कांहीं नाहीं. आम्हांस आज ज्यांच्याविषयीं लिहावयाचें आहे ते लोक कोठेंही गेलेले नाहींत. ते सोलापुरांतच आहेत. आणि त्यांच्या वाडवडिलांना तेथें सरकारनेंच आणून, भोंवतीं कांटेरी तार ठोकून, बसविलें होतें. त्यांच्या नातवंडांस आज तेंच सरकार विचारतें कीं, तुम्ही येथलेच कशावरून?

सोलापूरच्या सेटलमेंटचा इतिहास गांवांतील सुशिक्षितांसही पुरता ठाऊक नसतो, म्हणून तो थोडक्यांत सांगणें भाग आहे. गुन्हेगार जमातींचा पहिला कायदा १८७१ चा. १९११ च्या कायद्यानें तो मुंबई इलाख्यालाही लागूं करण्यासारखा झाला, आणि १९२४ सालीं सर्व दुरुस्त्या एकत्र करून नवा कायदा झाला. या कायद्याखालीं सरकारनें एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली कीं, तिच्यांतील माणसांचीं नांवें पटावर चढत, बोटांचे ठसे घेतले जात, आणि ठरलेल्या वेळीं हजेरी देणें व राहण्याचें ठिकाण कळविणें त्यांच्यावर बंधनकारक होई. याहून पुढचें पाऊल म्हणजे सेटलमेंट. कैकाडी, पारधी, भामटा अशा जमातींच्या कुटुंबांना तारेच्या आंत ठेवावयाचें व कामास लावावयाचें. सोलापुरांत १८७७ पासून कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या होत्या आणि गिरण्यांना हात हवे होते. तेव्हां सुधारणेचा हेतु आणि गिरणीची गरज यांची सोयरीक सहज जमली. मुलेंही या कायद्यांतून सुटलीं नव्हतीं. सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळें काढून शाळेंत ठेवण्याचा अधिकार सरकारनें आपल्याकडे घेतला होता. आजही सोलापुरांत ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हें नांव टपालाच्या पत्त्यांत वापरलें जातें. ज्या वसतीला ‘फ्री’ म्हणून वेगळें सांगावें लागतें, तिच्या शेजारची वसती कशी असेल हें त्या एका इंग्रजी शब्दावरूनच कळावें.

स्वातंत्र्यानंतर हा कायदा गेला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो सबंध देशांतून रद्द झाला आणि हे लोक ‘विमुक्त’ झाले. (मुंबई राज्यानें १९५९ मध्यें सराईत गुन्हेगारांचा कायदा करून जुन्या संशयाला नवें आसन दिलें, तो विषय वेगळा.) पुढें महाराष्ट्र राज्य झालें आणि २१ नोव्हेंबर १९६१ रोजीं विमुक्त व भटक्या जमातींची यादी निघाली. त्या यादीबरोबर शिक्षणाच्या व नोकरीच्या कांहीं सवलती आल्या. एवढ्यावर, मंजुरीचें पत्र आलें असें म्हणावयास हरकत नव्हती.

पण मंजुरी आणि रहिवास यांच्यामध्यें किती पायऱ्या असतात पाहा. विमुक्त जातीचा दाखला हवा, तर २१ नोव्हेंबर १९६१ रोजीं किंवा त्यापूर्वीं आपलें कुटुंब महाराष्ट्राच्या हद्दींत राहत होतें हें अर्जदारानें दाखविलें पाहिजे. म्हणजे जें राज्य स्वतः १ मे १९६० ला जन्मलें, त्याच्या दुसऱ्या वाढदिवसापूर्वींचा कागद पारध्याच्या नातवानें आणावयाचा. बापाचा नाहीं तर आजाचा शाळा सोडल्याचा दाखला. तो नसेल तर जन्ममृत्यूच्या नोंदीचा उतारा. तोही नसेल तर जमिनीचा कागद. हे सगळे कागद ज्याला गांव आहे, गांवांत घर आहे आणि घरांत ट्रंक आहे त्याच्यापाशीं असतात. आमच्या घरांतून आजोबांची मॅट्रिकची सनद चौकटींत लावलेली असते, म्हणून दाखला काढणें म्हणजे दोन खेपांचें काम असें आम्हांस वाटतें. ज्याच्या आजाला गांवांत रात्रीं मुक्काम करूं देत नव्हते, त्याच्या जन्माची नोंद गांवच्या कोतवालाच्या पुस्तकांत कोणीं करावी?

बरें, कसाबसा कागद मिळाला, प्रांतसाहेबांची सही झाली, दाखला हातांत आला. येथें तरी वाट संपते काय? नाहीं. २००० सालच्या कायद्याप्रमाणें हा दाखला पडताळणी समितीपुढें पुन्हां सिद्ध करावा लागतो. आरक्षित जागेवर इंजिनियरिंगला किंवा वैद्यकीला प्रवेश हवा, नोकरी हवी, निवडणुकीस उभें राहावयाचें, तर दाखला पुरत नाहीं. दाखल्याच्या खरेपणाचा दुसरा दाखला लागतो. सरकारचा एक अधिकारी सही करतो आणि त्या सहीवर सरकारचाच विश्वास नसतो! समितीचें समाधान झालें नाहीं तर दक्षता पथक घरीं येतें आणि चालीरीति विचारतें. आणि या सर्व व्यवहारांत पुराव्याचा भार कोणावर, तर त्या कायद्याच्या आठव्या कलमान्वयें केवळ अर्जदारावर.

या कडकपणाचे कैवारी कांहीं सगळेच दुष्ट नाहींत, आणि त्यांचा मुद्दा टाकाऊ नाहीं. खोट्या दाखल्यांचा बाजार महाराष्ट्रांत फार जुना आहे. माधुरी पाटील यांच्या १९९४ च्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें पडताळणीची पद्धत घालून दिली ती तशाच अनुभवांतून. २०१७ सालीं त्याच न्यायालयानें खोट्या दाखल्यावर मिळविलेली नोकरी टिकणार नाहीं असें स्पष्ट केलें, तेंही योग्यच झालें. विमुक्तांतले कार्यकर्ते स्वतःच तक्रार करतात कीं, नामसाधर्म्याचा फायदा घेऊन भलतेच लोक त्यांच्या ताटांतला घास नेतात. हें सर्व आम्हांस मान्य आहे. पण यावरून निघतें काय? चोर ओळखण्यासाठीं चाळणी हवी, एवढेंच. आमचा आक्षेप चाळणीला नाहीं, तिच्या भोकांच्या आकाराला आहे. ज्याच्याजवळ पैसा आणि वकील आहे तो खोटा कागदही नीट तयार करून आणतो. ज्याच्याजवळ खरेपणाखेरीज कांहीं नाहीं तोच नेमका अडकतो. कागदावर चालणारी परीक्षा कागद करणाऱ्याला सोपी असते, यांत नवल तें काय?

आतां आमच्या वादाच्या मुळाशीं येऊं. न्यायालयांनीं वारंवार म्हटलें आहे कीं, जुना कागद, विशेषतः स्वातंत्र्यापूर्वींचा, हा जातीचा सर्वांत वजनदार पुरावा होय. २०११ च्या आनंद खटल्यांत तर चालीरीतींच्या परीक्षेपेक्षां अशा कागदाला अधिक मान दिला आहे. ठीक. मग सेटलमेंटमधील माणसाचा स्वातंत्र्यापूर्वींचा कागद कोठें असणार? त्याच्या झोंपडींत नव्हे. तो सरकारच्या हजेरीपटांत असणार. तेथें त्याचें नांव आहे, जमात आहे, राहण्याचें ठिकाण आहे, आणि नांवाविषयीं शंका राहूं नये म्हणून अंगठ्याचा ठसाही आहे. या देशांत जहागिरदारांचाही इतका बारकाईनें लिहिलेला रहिवास सांपडणार नाहीं! ही जमात कोणती हें त्या माणसानें सांगितलें नव्हतें. सरकारनें राजपत्रांत छापून तें त्याच्या माथीं मारलें होतें. मग त्याच्या नातवाच्या जातीविषयीं व रहिवासाविषयीं सरकारला शंका येते ती कोणत्या तोंडानें? ते पट जपलेले असतील, तर ते सरकारच्या ताब्यांत आहेत. सरकारनें ते काढून पाहावेत. आणि गहाळ झाले असतील, तर तो गहाळपणा सरकारचा, त्याची शिक्षा पारध्याच्या पोराला काय म्हणून? दोन्ही पक्षीं पुराव्याचा भार सरकारवरच येतो. आठव्या कलमाला निदान सेटलमेंटच्या कुटुंबांपुरता अपवाद जोडावा, असें आम्ही म्हणतों तें दयेच्या भावनेनें नव्हे. जो खतावणी ठेवतो त्यानेंच ती दाखवावी, हा वाण्याच्या दुकानांतलाही नियम आहे.

सोलापुराला आणखी एक अडचण आहे, ती सरहद्दीची. जिल्ह्याच्या एका अंगाला कलबुर्गी, दुसऱ्या अंगाला विजापूर. भटक्या माणसाची वाट राज्यपुनर्रचनेच्या नकाशाला विचारून गेलेली नाहीं. अक्कलकोटाजवळ पाल ठोकणारा बाप आणि सरहद्दीपलीकडे जन्मलेला मुलगा, अशा घरांत रहिवास कोणाचा कोठला धरावयाचा? शिवाय जातीचा दर्जाही मुलखाप्रमाणें पालटतो. कैकाडी सोलापुरांत विमुक्त जात. तोच विदर्भाच्या बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जात. आगगाडीनें नागपुरास जाईपर्यंत माणसाची जात बदलते, असा चमत्कार पुराणांतही नाहीं.

आणि ज्याला आपण साध्या बोलण्यांत डोमिसाइल म्हणतों, तो अधिवासाचा दाखला तरी काय आहे? महाराष्ट्रांत त्यासाठीं साधारणतः पंधरा वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. प्रदीप जैन यांच्या १९८४ च्या खटल्यांत आणि पुन्हां जानेवारी २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, भारतांत अधिवास एकच, तो भारताचा. राज्याराज्यांचा निराळा अधिवास ही कल्पना कायद्याला ठाऊक नाहीं. कायद्याला जी वस्तु ठाऊक नाहीं तिचा दाखला मात्र खिडकीवर मिळतो, आणि तो नसला तर विद्यार्थ्याचें वर्ष बुडतें.

विमुक्तांसाठीं केंद्र सरकारनें नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष बाळकृष्ण रेणके हे सोलापूरचेच कार्यकर्ते. त्यांचा अहवाल २००८ सालीं सादर झाला. पुढें इदाते आयोग झाला, त्याचाही अहवाल आला. आयोग नेमण्यांत आम्ही मागें नाहीं. पण या कामाला तिसऱ्या आयोगाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरींतला एक कारकून, अभिलेखागारांतला एक जाणता माणूस आणि सेटलमेंटमधील दोन वृद्ध यांना एका टेबलाशीं बसवावें. जुन्या पटांतील जेवढीं नांवें सांपडतील तेवढ्यांची वंशावळ तेथल्या तेथें लिहून घ्यावी, आणि तिच्याखालीं सरकारनें सही करावी. मात्र या सहीची पडताळणी पुन्हां दुसऱ्या खिडकीवर व्हावयाची नाहीं, हें आधींच लिहून ठेवावें. हें काम लवकर व्हावयास हवें, कारण तारेच्या आंत जन्मलेलीं माणसें आतां थोडींच उरलीं आहेत.