पडद्यावरील पास आणि बांधीतला चेंडू

१९९३ साली ‘फिफा इंटरनॅशनल सॉकर’ हा व्हिडिओ खेळ निघाला. २०२३ पासून ती मालिका ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ या नावाने चालते. या तीस वर्षांत खेळाडूंचे चेहरे आणि प्रेक्षकांचा गजर हुबेहूब झाला, हे मान्य करावयास हवे. परंतु गुआर्दिओलांच्या बार्सिलोनाने २००८ ते २०१२ या काळात दाखविलेला छोट्या पासांचा खेळ पडद्यावर उतरला आहे काय?

त्या खेळात जागा आणि वेळ ही दुर्मिळ साधने होत. ज्यांच्यापाशी चेंडू नाही, ते धावून ती निर्माण करतात. पडद्यावर मुलगा एका वेळी बहुधा एकच खेळाडू चालवितो. इतरांची धाव यंत्र ठरविते. म्हणजे जे शिकावयाचे, तेच यंत्र उरकून टाकते! पासची दिशाही यंत्र सावरून घेते. ही मदत बंद करता येते, पण ती करणारे विरळा.

चंद्रपूर-गडचिरोलीत हा प्रश्न निव्वळ करमणुकीचा नाही. धान कापलेल्या बांधीत चेंडू धसकटावर आपटून कोठे उसळेल याचा नेम नसतो. तेथे चेंडू पायाखाली थांबविणे हेच निम्मे कौशल्य, आणि पडदा नेमके तेच फुकट देतो. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणले. उद्या जिल्ह्याच्या क्रीडानिधीत त्याचा वाटा मागितला गेला, तर त्याआधी गावोगावी एकेक सपाट मैदान आणि त्यावर फिरवावयास रोलर यांची तरतूद व्हावी.